मूठभर हिरवा

आमच्या निवड खोलीत दुपारच्या जेवणानंतर पंधरा मिनिटं झोपायची मुभा आहे. मुभा म्हणजे कागदावर कुठे लिहिलेली नाही. पण परत आलेल्या ब्लँकेटांचे छातीएवढे ढीग समोर असताना माणसाने ताठ बसून राहावं, असं मालकिणीलाही वाटत नसावं. ज्याला जो ढीग आवडेल त्यावर त्याने आडवं व्हावं. उठल्यावर मात्र एक नियम कडक आहे. कोणाचं स्वप्न पडलं ते सांगायचं. आपलं नव्हे, ज्याचं ब्लँकेट त्याचं. वीस-वीस वर्षं एकाच माणसाच्या अंगावर राहिलेल्या लोकरीत त्याची झोप थोडी तरी उरणारच, असं आम्ही बायका धरून चालतो. खरं-खोटं करायला कोणी जात नाही.

आमच्यातली एकजण दार भरून आत येते, म्हणून तिचं नाव चिमणी. ती एकदा तपकिरी ढिगावर झोपली आणि उठून म्हणाली, "अगं, कुठल्या तरी घरात गुडघाभर पाणी होतं, आणि एक म्हातारा त्या पाण्यात चष्मा शोधत होता. चष्मा त्याच्या डोळ्यांवरच होता, पण मला काही सांगता येईना." त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्हाला सगळ्यांना त्या म्हाताऱ्याची काळजी वाटत राहिली.

या खोलीत उजेडसुद्धा वेगळा असतो. वरच्या खिडक्यांतून ऊन येतं आणि त्यात लोकरीचा भुगा तरंगत राहतो, खाली बसायची त्याला घाई नसते. मी इथली मुख्य निवडणारी. वय बावन्न, राग नाकावर, डोळे अजून चांगले. गिरणीत सगळे मला वहिनी म्हणतात, कारण माझा नवरा इथे तीस वर्षं रंगमास्तर होता. होता म्हणते, कारण आता रंगखान्याला कुलूप आहे.

दोन वर्षांपूर्वी जुने मालक वारले आणि त्यांची मुलगी त्यांच्या खुर्चीवर बसली. पहिल्याच सभेत ती म्हणाली, "आपण विकलेलं ब्लँकेट आपलंच असतं. लोकांनी ते फक्त वापरायला नेलेलं असतं. जुनं झालं की ते आपल्याकडे परत आलं पाहिजे." आम्ही एकमेकींकडे बघितलं. पोरगी जास्त शिकली, असं चिमणी माझ्या कानात म्हणाली. पण पोरगी बोलली तसं वागली. ब्लँकेटं परत येऊ लागली, आधी पाच-दहा, मग गाड्या भरभरून. आम्ही त्यांच्या किनारी उसवतो, धुतो, आणि रंगाप्रमाणे निवडतो. मग फाडणीचं यंत्र त्यांची पुन्हा लोकर करतं, ती पिंजली जाते, कातली जाते, मागावर चढते. लाल ढिगातून लालच ब्लँकेट निघतं. नवी लोकर नको, आणि निवड नीट असली तर नवा रंगही नको. गिरणीमागचा नाला पूर्वी सोमवारी लाल आणि गुरुवारी निळा वाहायचा. तो सहा महिन्यांत पाण्याच्या रंगाचा झाला. परवा त्यात बोटाएवढे मासे दिसले.

चांगलंच झालं, मी नाही म्हणत नाही. पण घरी माझ्यासमोर एक माणूस जेवायला बसायचा आणि त्याचे हात दिवसेंदिवस स्वच्छ होत होते. लग्नाच्या दिवसापासून मी ते हात रंगलेलेच बघितले होते. नखांच्या कडा कायम निळ्या, तळव्याच्या रेषांत लाल. आता ते गोरेपान, कोणा परक्याचे वाटायचे. मला ते बघवायचं नाही, म्हणून मी ताटाकडे बघत जेवायचे.

मालकिणीने त्यांना काढलं नव्हतं. ती स्वतः येऊन म्हणाली होती, "मास्तर, तुमच्यासाठी जागा आहे, पण रंगखान्यात नाही. सहा महिने घ्या. पिंजणी, माग, निवड, काय हवं ते शिका. नुसतं बसवून ठेवणं मला जमणार नाही. तो तुमचा अपमान होईल."

हे म्हणाले, "बरं." आणि रोज सकाळी माझ्याबरोबर गिरणीत येऊन, रंगखान्याचं कुलूप काढून, रिकाम्या हौदाच्या काठावर जाऊन बसू लागले. दुपारी डबा खायचे, हौद पुसायचे, संध्याकाळी कुलूप लावायचे. असे पाच महिने गेले. आमचं दोघांचं पोट माझ्या कामावर निघालं असतं, प्रश्न तो नव्हता. हा माणूस एकदा कायमचा घरी बसला तर तो पुन्हा कधी बोलणार नाही, अशी मला धास्ती होती. बोलणं आधीच निम्म्यावर आलं होतं.

मी त्यांना एकदा जबरदस्तीने निवड खोलीत आणून निळ्या ढिगावर झोपवलं. पंधरा मिनिटांनी उठले तेव्हा पापण्या ओल्या होत्या. "कोणाचं पडलं?" चिमणीने विचारलं. "काही नाही पडलं," ते म्हणाले आणि निघून गेले. चिमणीला गप्प बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

मग ती हिरव्याची मागणी आली. एका दवाखान्याला तीनशे ब्लँकेटं हवी होती, सगळी एका रंगाची, कोवळ्या पानासारखी हिरवी. पडून असलेल्या माणसाला तो रंग बरा वाटतो म्हणे. मालकीण नमुन्याचा कागद घेऊन आमच्या खोलीत आली. आमच्याकडे हिरवी ब्लँकेटं होती तीस-चाळीस. लोक हिरवं विकत घेत नाहीत की घेतलेलं सोडत नाहीत, देव जाणे.

"नाही म्हणून कळवू का?" मालकीण म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. इतकी मोठी मागणी नव्या पद्धतीला पहिल्यांदाच आली होती.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "निळ्यात पिवळा घाला. दोन वाटे निळा, एक वाटा पिवळा. हिरवा होईल."

हे दारात उभे होते. मला वाटतं आम्ही सगळ्याच जणी एकदम वळलो. तो आवाज पाच महिन्यांत कोणी ऐकला नव्हता. रंगखान्यात हौद उकळत असताना वाफेच्या पलीकडून जो आवाज यायचा, तो. निळ्याचे आणि पिवळ्याचे ढीग आमच्याकडे कितीही होते. मालकिणीचा चेहरा उजळला. "मास्तर, नक्की?"

"तीस वर्षांत माझा रंग चुकला का कधी?"

"नाही बुवा," चिमणी म्हणाली. "मास्तरांचं कधी चुकलेलं नाही."

आता आमच्या खोलीची एक रीत सांगते. दोन ढीग एकत्र करायचे असले की आधी दोन्हींतली थोडी थोडी लोकर सोडवायची, हाताने पिंजून मूठभर मिश्रण करायचं आणि ते खिडकीत उजेडाला धरायचं. याला आम्ही मूठ घेणं म्हणतो. तोवर आम्ही जवळजवळचेच रंग एकत्र केले होते, फिक्या लालात गडद लाल, असे. तरी दर वेळी मूठ घेतली होती. मूठ घेतल्याशिवाय यंत्राला माल द्यायचा नाही आणि मूठ घ्यायची ती मुख्य निवडणारीने, म्हणजे मी. कारणही तसंच आहे. लोकर दर फाडणीला आखूड होते. एकदा फाडलेला माल परत परत फाडता येत नाही, आणि मिसळलेली लोकर तर जन्मात वेगळी होत नाही.

चिमणीने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मूठ?

मी नवऱ्याकडे बघितलं. ते ताठ उभे होते. त्यांच्यासमोर खिडकीशी जाऊन मूठ घेणं म्हणजे सगळ्यांदेखत त्यांची परीक्षा घेणं. "मास्तरांनी सांगितलंय," मी म्हणाले. "मूठ कशाला?"

दोन दिवस यंत्र चाललं. ते दोन दिवस मला अजून धुक्यातून बघितल्यासारखे आठवतात. निळी ब्लँकेटं आत जायची, पिवळी ब्लँकेटं आत जायची, आणि हे यंत्राजवळ हात मागे बांधून फेऱ्या घालायचे. घरी येताना शीळ वाजवायचे. एका संध्याकाळी रस्त्यात थांबून त्यांनी मला एका घराची भिंत दाखवली आणि म्हणाले, "हा पिवळा बघ, कसा झोपल्यासारखा आहे." मी त्या भिंतीकडे बघितलं आणि मला इतकं बरं वाटलं की पावलं जमिनीला लागेनात. रात्री मला स्वप्न पडलं तेही हिरवंच होतं. कोणाचं होतं कोण जाणे, पण मी ते माझं म्हणून घेतलं.

तिसऱ्या दिवशी पिंजणीतून माल बाहेर आला. साडेचारशे किलो. सगळे बघायला जमलो होतो. तो हिरवा नव्हता. निळाही नव्हता आणि पिवळाही नव्हता. खूप दिवस साचलेल्या डबक्याचा असतो तो रंग होता. आजारी माणसाच्या अंगावर घातला तर बरा होणाराही बिघडावा असा.

ह्यांनी एक झुबका उचलून डोळ्यांशी नेला. मीही वाकून बघितलं. जवळून पाहिलं तर निळा तंतू निळाच होता आणि पिवळा पिवळाच. हौदात दोन रंग एकमेकांत विरघळतात आणि तिसरा होतो. लोकरीत ते विरघळत नाहीत. एकाला एक लागून नुसते बसून राहतात, आणि लांबून बघणाऱ्याला दिसते ती राख. हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. एका मुठीत कळलं असतं.

"मास्तर," मालकीण हळू आवाजात म्हणाली, "हे असं कसं झालं?"

ह्यांनी झुबका खाली ठेवला. हात विजारीला पुसले. म्हणाले, "मी मुद्दाम केलं."

"म्हणजे?"

"रंगखाना उघडावा म्हणून. हा माल बिघडला की तुम्हाला हौद लागणार. म्हणून केलं."

भुगा तरंगत होता. यंत्र कोणीतरी बंद केलं. मालकिणीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने ओघळू दिलं नाही. "सोमवारी सकाळी निवड खोलीत सगळ्यांसमोर सांगते काय ते," एवढंच म्हणून ती गेली.

मी विश्वास ठेवला. हे सांगायला लाज वाटते, पण ठेवला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीने या माणसाला मानाने वागवलं, मी त्याच्यासाठी माझी रीत मोडली, आणि याने आमच्या पाठीत खंजीर खुपसला. घरी मी ताट त्यांच्यापुढे आपटलं. दोन दिवस एक शब्द बोलले नाही. त्यांनीही काही सफाई दिली नाही. जेवायचे, उठायचे, मागच्या दारात जाऊन बसायचे.

रविवारी दुपारी माझा डोळा लागला. स्वप्नात मी रंगखान्यात होते. हे ब्लँकेटं एकेक करून हौदात सोडत होते, लाल, पिवळी, जांभळी, आणि बाहेर निघत होती ती सगळी काळी. मी म्हणत होते, अहो, आत काय आहे ते बघू द्या ना. ते म्हणत होते, काळं छान दिसतं.

जाग आली तेव्हा घर शांत होतं. पाणी प्यायला उठले आणि मागच्या दाराशी थबकले.

हे उन्हात पाठमोरे बसले होते. एका गुडघ्यावर निळी लोकर, दुसऱ्यावर पिवळी. हातात माझी केसांची फणी. थोडी निळी घ्यायचे, थोडी पिवळी, फणीने पिंजायचे, उजेडाला धरायचे, बाजूला टाकायचे. ओठ हलत होते. तीनास एक. चारास एक. एकास एक. पायरीवर राखाडी झुबक्यांचा ढीग झाला होता. तेवढा ढीग एका दुपारचा नव्हता.

मुद्दाम बिघडवणारा माणूस हे कशाला करील?

मी दाराला टेकून उभी राहिले आणि मला माझ्या खोलीतली काळी ब्लँकेटं आठवली. दोन वर्षांत परत आलेल्या मालात काळी फार. घडीवर जिथे लोकर झिजलेली असते तिथे काळ्याखालून दुसरंच काही डोकावतं. डागाळलेला लाल. फसलेला हिरवा. कधी तर चक्क गुलाबी. तीस वर्षांत जे जे बिघडलं ते ते ह्यांनी काळ्यात बुडवून टाकलं होतं. मास्तरांचं कधी चुकत नाही असं गिरणी म्हणायची, आणि शेवटी शेवटी त्यांनाही ते खरं वाटत असावं. मी ती ब्लँकेटं कोणाला दाखवली नव्हती. ढिगात खाली सारायचे. ह्यांनासुद्धा कधी बोलले नव्हते. पण आता काळा हौद नव्हता. आता जे चुकेल ते सगळ्यांसमोर तसंच राहणार होतं.

"मुद्दाम नाही केलंत तुम्ही," मी म्हणाले.

ते दचकले नाहीत. "केलं."

"मग हे काय चाललंय?"

"वेळ जात नाही म्हणून."

मी त्यांच्याजवळ पायरीवर बसले. "अहो, सांगा ना तिला चुकलं म्हणून. ती काही तुम्हाला काढणार नाही. चुकल्याबद्दल कोणी काढतं का? पण मुद्दाम केलं म्हटल्यावर तिला दुसरा रस्ता उरत नाही."

खूप वेळ ते फणीचे दात बोटाने वाजवत राहिले. मग म्हणाले, "तीस वर्षं मी रंग केला. आता निळ्या-पिवळ्याचं काय होतं ते मला कळत नाही, असं सांगू? त्या चिमणीसमोर? लबाड म्हणू देत. लबाड चालेल. अडाणी नको."

मला त्या क्षणी त्यांचा राग आला, कीव आली, आणि इतकी माया आली की मी त्यांच्या हातातून फणी काढून घेतली.

सोमवारी सकाळी निवड खोलीत, तिथे आणून टाकलेल्या त्या मालाभोवती, आम्ही सगळे उभे होतो. ऊन नेहमीच्या जागी पोचलं होतं. मालकीण आली. बहुतेक तिला झोप लागली नसावी. "मी दवाखान्याला अजून काही कळवलेलं नाही," ती म्हणाली. "हा माल गाद्यांत भरायला जाईल, वाया जाणार नाही. मालाचं मला काही वाटत नाही. पण जो मुद्दाम बिघडवतो त्याच्याबरोबर काम करता येत नाही. मास्तर, उद्यापासून तुम्ही येऊ नका."

ह्यांनी मान हलवली. सुटल्यासारखी. ती मान मी बघितली आणि मला कळलं की हा माणूस आज घरी जाईल आणि पुन्हा कधी मला कुठली भिंत दाखवणार नाही.

"बाई," मी म्हणाले. "मूठ घेतली नव्हती."

"काय?"

"मिसळण्याआधी मूठ घ्यायची असते. ते काम माझं. मी घेतली नाही. चिमणीने विचारलं होतं, मी नको म्हणाले. एक मूठ घेतली असती तर साडेचारशे किलो वाचले असते. ह्यांनी काहीही सांगितलं असतं तरी यंत्रापर्यंत पोचलं नसतं. ते मी पोचवलं."

मालकीण माझ्याकडे वळली. "का नाही घेतलीत?"

"नाही घेतली." कारण सांगणं म्हणजे ह्यांना उघडं पाडणं होतं.

"वहिनी, ही खोली मी तुमच्या भरवशावर चालवते." ती म्हणाली. "मूठच घेतली जात नसेल तर मी तुम्हाला मुख्य म्हणून कशी ठेवू?"

"नका ठेवू," मी म्हणाले. ही खोली मला फार आवडते. पण बोलून गेले होते आणि ते खरं होतं. मी गळ्यातली मुख्य निवडणारीची कात्री काढायला हात घातला.

"थांबा," हे म्हणाले.

आवाज रंगखान्यातला नव्हता. मी तो पूर्वी कधी ऐकला नव्हता. ते दोन पावलं पुढे आले आणि मालकिणीकडे नाही, चिमणीकडेही नाही, त्या डबक्याच्या रंगाच्या मालाकडे बघून बोलले.

"हिची चूक नाही. हिने मूठ घेतली नाही, कारण मी छाती काढून उभा होतो. आणि मी सांगितलं, कारण..." ते थांबले. कोणीतरी मधे बोलावं, आपल्याला सोडवावं, असं त्यांना वाटत असणार. कोणी बोललं नाही. मीही नाही. "कारण मला वाटलं हिरवा होतो. हौदात होतो. लोकरीत होत नाही, ते मला माहीत नव्हतं. मुद्दाम केलं नाही मी. मला कळलं नाही."

चिमणी हसली नाही. कोणीच हसलं नाही. मग मालकीण म्हणाली, "मी दवाखान्याकडे तीन आठवडे मागून घेते. मास्तर, उद्या या." जाताना तिने माझ्या गळ्यातली कात्री सरळ केली.

हे तिथेच उभे होते. कान लाल झाले होते. मग माझ्याकडे वळले.

"मग हिरवा होतो कसा?" त्यांनी मला विचारलं, सगळ्यांसमोर.

"मलाही माहीत नाही," मी म्हणाले.

ते माझ्या बाकावर येऊन बसले, आणि मी थोडी सरकले.